ओल्या वाटेवरचा पंजा

सत्यशीलेनं मोबाईल चिखलावर धरला. दोनदा फोटो हलला. पुढच्या खेपेला पंजा स्वच्छ आला. मागे ऊस सळसळला तशी ती दचकून वळली. कोणी नव्हतं. तिनं अ‍ॅपमधल्या बिबट्याच्या चित्रावर बोट ठेवलं, फोटो पाठवला आणि झपाझप घराकडे निघाली.

हे अ‍ॅप वनरक्षक तृप्तीनं गावातल्या बायकांना शिकवलं होतं. "जनावर दिसू द्या, न्हाई तर नुसतं पाऊल, फोटो टाका. जागा आपोआप कळते. नोंद असली की जनावरबी वाचतं अन् माणूसबी."

दुपारी तृप्ती आलीच. पंजापाशी उकिडवी बसून तिनं मोजपट्टी ठेवली. सत्यशीला बांधावर उभी होती.

"नखं उमटली न्हाईत, म्हंजे कुत्रं न्हाई. बिबट्याच दिसतो. गोदावरीच्या काठानं आला असंल." तृप्तीनं वर पाहिलं. "आतापर्यंतच्या तिन्ही नोंदी तुमच्याच, ताई. भेव वाटतं ना?"

"झोप लागंना, मॅडम."

हे खरं होतं.

"जमलं की कॅमेरा लावते इथं. येणारं-जाणारं सगळं दिसतं त्यात."

"सगळं?"

"बिलकुल सगळं."

सत्यशीलेनं पदरानं तोंड पुसलं.

गावानं धसका घेतला. दिवेलागणीच्या आत पोरं घरात, शेळ्या घरात. शेतातली लाईट मात्र रात्रीचीच होती. विहिरीवरची मोटर तेव्हाच चालायची. सत्यशीलेचा नवरा तातेराव बॅटरी आणि काठी घेऊन निघाला की ती दारात आडवी उभी राहायची.

"ऊस वाळून राह्यला. पाणी कोण देईल?"

"वाळू द्या. धम्मपाल भाऊजी असेच गेल्ते ना?"

धम्मपाल तातेरावाचा धाकटा भाऊ. मागच्या साली याच उसात रात्री पाणी द्यायला गेला आणि घोणस चावली. अंधारात हाक कुणाला ऐकू गेली नाही. सकाळी सापडला तेव्हा पाणी त्याच्या अंगावरून वाहत होतं.

तातेराव चपला घालायचा.

शेवटी तृप्तीनंच त्या नोंदी लाईटच्या ऑफिसात नेऊन दाखवल्या. गाव मागे उभं राहिलं. आठवडा सरायच्या आत दिवसाची लाईट आली. त्या रात्री जेवण झाल्यावर तातेराव अंथरुणावर पडला आणि घोरायला लागला. सत्यशीला कितीतरी वेळ ते घोरणं ऐकत बसली.

पंधरवडाभरानं तृप्तीचा फोन आला. "ताई, नवी नोंद न्हाई आली. बिबट्या निघून गेला म्हणतील, अन् मंग पुन्हा रात्रीची पाळी. उद्या कॅमेरा घेऊन येते. काही दिसलं तर जल्दी टाका."

उन्हं कलायच्या आत सत्यशीला उसाकडे गेली. पलीकडच्या टोकाला तातेराव पाणी देत होता. त्याच्या फावड्याचा आवाज येत होता; तो दिसत नव्हता. तिनं इकडंतिकडं पाहिलं, बांगड्या वर सारल्या आणि चिखलात गुडघे टेकून मूठ आवळली. आधीचे तिन्ही पंजे तिनं असेच उठवले होते. आधी मुठीचा तळ दाबायचा, मग वर चार बोटांची पेरं. नख लागू द्यायचं नाही.

मूठ तशीच अधांतरी राहिली. समोरच्या चिखलात पंजा आधीच उमटलेला होता. तिच्या मुठीहून मोठा. त्यात पाणी अजून झिरपत होतं.

पलीकडं फावड्याचा आवाज थांबला.