उखाण्यातलं नाव

हौसाच्या कमरेची कळ आता तिच्या नवऱ्याच्या अंगात उतरणार होती. दवाखान्याचा नियमच तसा: घरच्या माणसाने पट्टा बांधून दुखणं घटकाभर सोसायचं, मगच औषध मिळायचं. तिचा जीव टांगणीला लागला होता. यांना काहीच जाणवलं नाही तर?

"भाजीत मीठ विसरते आणि कमरेवर ढकलते," केरबा हसला. "आज सोंग उघडं पडेल."

नर्सने बटण दाबलं. "बोलत राहा मामा. मावशींचं नाव घ्या उखाण्यात."

"त्यात काय! जाईच्या मांडवाला फुलांचा भार, आणि..."

कमरेत कळ सणकली आणि केरबा थांबला. ओठ हलले, डोळे भिरभिरले, पण जन्मभर तोंडात घोळलेलं नाव काही केल्या सापडेना. भेदरून त्याने बायकोचा हात घट्ट धरला.

"घाबरू नका," हौसा म्हणाली. "भाजीतलं मीठ असंच हरवतं हो माझं."