कशाला, ते विचारायचं नाही

वसाहतीच्या सामाईक खोलीत शिडीपासून चाकाच्या खुर्चीपर्यंत सगळं होतं. ज्याला लागेल त्याने न्यावं, काम झालं की आणून ठेवावं. दारावरची पाटी सुतारभाऊंनी स्वतः रंगवली होती : ‘हवं ते न्या. कशाला, ते कुणी विचारणार नाही.’ कारण विचारलं की गरजवंताची मान खाली जाते, हे त्यांनी किल्ली सांभाळणाऱ्या वहिनींच्या अगदी गळी उतरवलं होतं.

सोमवारी भाऊंनी ड्रिल मशीन नेलं. घरात स्वतःची दोन मशिनं असलेल्या सुताराने! वहिनींनी मुकाट्याने काढून दिलं. गुरुवारी शिडी नेली आणि तासाभरात होती त्या धुळीसकट परत आणली. वहिनींनी हूं की चूं केलं नाही.

आज ते म्हणाले, “पाहुण्यांची गादी द्या.”

वहिनींनी गादी झटकली, गुंडाळली आणि त्यांच्या खांद्यावर दिली. “उशी देऊ?”

“द्या.” भाऊ दारातच घुटमळले. “काय हो वहिनी, एवढं सगळं नेलं मी. एकदाही ‘कशाला’ म्हणून विचारलं नाहीत?”

वहिनी दुखावल्याच. “तुम्हीच शिकवलंत ना, भाऊ? जीव गेला तरी विचारायची नाही मी!”

“शाब्बास,” भाऊ म्हणाले. आणि बायको गेल्यापासून ज्या घराची कडी बाहेरून कुणी वाजवली नव्हती, त्या घराकडे पाहुण्यांची गादी घेऊन चालू लागले.