वर्नाचं पिस्तूल

नवरा वारल्यावर सत्तरीची वर्ना ओक्लाहोमातल्या शेतावर एकटीच राहायची. शेरीफ, म्हणजे तिथला पोलीस अधिकारी, चाळीस मैलांवर. “पिस्तूल स्वतः हाताळता आलं, तरच तिथं राहा. नाहीतर शहरात माझ्याकडे चल,” मुलाने बजावलं. मुलाबरोबर बंदुकांच्या दुकानात जाऊन तिने खिशात मावणारं छोटुकलं पिस्तूल उचललं. संधिवाताच्या बोटांनी गोळी नळीत चढवणारा वरचा सरकता भाग, स्लाइड, मागे ओढू लागली, पण ती हलेचना. दुसऱ्याचीही तीच गत. वर्नाचे डोळे भरून आले. विक्रेती म्हणाली, “आजी, छोट्याची स्प्रिंग घट्ट असते. हे जरा मोठं घ्या, स्वेटरखाली सहज लपेल. आणि स्लाइड ओढू नका. ती धरून ठेवा, पिस्तूल पुढे ढकला.” वर्नाने ढकललं. खट्‌! स्लाइड सरकली. “आई, पुन्हा कर बघू!” मुलगा म्हणाला. तिने केलं, मग आणखी चारदा, निव्वळ हौसेने. “तुझ्या घरी माझ्यासाठी रंगवलेली खोली,” ती हसत म्हणाली, “सूनबाईला शिवणकामाला देऊन टाक.”