मीठ कुठे जातंय?

मीटरवर पुन्हा तेहतीस आलं. गळतीवाल्याने काच पुसली, नवा थेंब टाकला, डोळा लावला. तेहतीसच.

"अगं, मीठ परत उतरलं."

"हं," बायको कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली.

बैठकीतली तीनशे लिटरची टाकी म्हणजे त्याचा जीव की प्राण. आत खारं पाणी, दोन नारिंगी मासे, एक खेकडा आणि पाच वर्षांत बोटाएवढ्याचं झुडपाएवढं झालेलं हिरवं प्रवाळ. त्याला पाण्यात मीठ हजारी पस्तीस लागतं. तिशीच्या खाली गेलं की प्रवाळ गेलंच म्हणून समजा. महिनाभर आकडा घसरत होता. तो मीठ विरघळवून ओतायचा, की आठवड्यात ये रे माझ्या मागल्या.

आता या गृहस्थाची नोकरी काय, तर पाणीपुरवठा खात्यात गळत्या शोधायची. रस्त्याला कान लावून पाइप कुठे फुटलाय ते सांगायचा, म्हणून सगळे त्याला गळतीवाला म्हणत. आणि घरी दिव्याखाली अंधार. त्याला झोप लागेना.

"पाणी उडतं, मीठ उडत नाही," तो बायकोला समजावू लागला. "म्हणजे खारं पाणी कुठून तरी बाहेर जातंय आणि त्याच्या जागी साधं येतंय."

"पण टाकी तर भरलेली दिसते."

"दिसणारच. पातळी उतरली की तो तरंगता गोळा बाजूच्या कॅनमधलं साधं पाणी आपोआप सोडतो. आतून कितीही कमी होऊ दे, वरून कळत नाही."

"खरं आहे," ती म्हणाली. कॅन भरायचं काम तिच्याकडेच होतं. तो सकाळी लवकर निघायचा आणि संध्याकाळी आला की टाकीपुढे बसायचा.

त्याने एकेक जोड चाचपला. टाकीखाली वर्तमानपत्र अंथरलं, ते ठणठणीत कोरडं राहिलं. खालच्या मजल्यावरच्या आजींच्या छताला स्टुलावर चढून हात लावून आला. तेही कोरडं. त्यात प्रवाळाच्या दोन फांद्यांची टोकं गायब झाली. त्याने खेकड्यावर आळ घेतला आणि त्या बिचाऱ्याला वेगळ्या डब्यात कोंडलं.

एकदा जेवताना बायकोने विचारलं, "नवी टाकी लावली तर त्यात मासे सोडायला किती दिवस लागतात?"

त्याचा घास हातातच राहिला. एरवी ही बाई टाकीला सवत म्हणायची.

"महिना-दीड महिना," तो खुलून म्हणाला. "जुन्या टाकीतलं पाणी आणि एखादा दगड घातला की लवकर बसते. पण घाई करायची नाही. एकदम नव्या जागी गेलं की जीव दगावतो. थोडी थोडी सवय होऊ द्यायची."

"पंपामागचा लहान दगड मला द्याल? कुंडीत ठेवीन."

"मिठाने झाड मरेल."

"बघू."

"घे, घे. तिकडे कोण बघतंय?" त्याला मनापासून बरं वाटत होतं. "किती दिवसांनी आपण असं बोललो, नाही?"

 ती ताटं उचलून आत गेली.

रविवारी त्याने सगळे पाइप सोडवले आणि एका जोडाला केसाएवढी चीर सापडली. चीर होती की ओरखडा, देव जाणे. त्याने दोन थर सिलिकॉन फासलं आणि मीठ ओतून आकडा पस्तीसवर आणला. सोमवारी बायको बहिणीकडे निघाली.

"चार दिवसांसाठी दोन बॅगा?"

"तिकडे थंडी आहे," ती म्हणाली. "कॅन भरायला विसरू नका."

मंगळवारी मीटरवर पस्तीस. बुधवारीही पस्तीस. गुरुवारी तो कॅन भरायला गेला, तर पाणी अजून अर्ध्याच्या वर होतं. त्याला हसू फुटलं. शुक्रवारीही पस्तीस भरलं, तेव्हा त्याने खेकड्याला सन्मानाने टाकीत परत सोडलं. शनिवारी पाचव्यांदा पस्तीस बघितलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. बायकोला फोन लावला, तिने उचलला नाही. मग त्याने टाकी ज्याच्याकडून घेतली होती त्या दुकानदाराला लावला.

"पाच दिवस झाले, पस्तीसवरून हललेलं नाही. गळती थांबली."

"वा साहेब, मानलं," दुकानदार म्हणाला. "वहिनींच्या टाकीतही पस्तीसच आहे. कालच नव्या घरी जाऊन पंप बसवून आलो. ती हिरवी टोकंसुद्धा छान उघडलीत. तुमचं सामान कधी हलवताय?"