नंजनगूडची वनजा

गंगाधररावांनी स्वतःच्या कोटाला इस्त्री केली आणि लगेच मुलाचा शर्ट पुढे ओढला, तेव्हा शेषगिरीने तो परत मागे ओढला.

"अप्पा, मी कशाला?"

"अय्यो, एकटा जाऊ? बाई काय म्हणेल? दाढी कर आधी."

बाई म्हणजे वनजा. घरोघरी खेळला जाणारा जुना चौका बारा शेषगिरीने मोबाइलवर आणला होता. चांगली नोकरी सोडून हा कवड्यांचे खेळ लिहीत बसला म्हणून अग्रहाराच्या ब्राह्मण आळीतल्या नातेवाइकांनी नाकं मुरडली. अप्पांनी मात्र आपलं शिलाईचं मशीन सरकवून त्याच्या कॉम्प्युटरला जागा करून दिली. पुढे गेम चालले, स्वतःची कंपनी उभी राहिली. पण लग्नाचा विषय निघाला की याचा नेमका कुठला तरी गेम संपवायचा असे. शेवटी अप्पांनी तो विषयच सोडला.

आई गेली आणि अप्पा गप्प गप्प झाले. शेषगिरीने त्यांना फोनवर खेळायला शिकवलं. दुपारी समोर कुणी खेळायला नसतं, म्हणून एक खेळणारी त्याने स्वतःच लिहिली आणि नाव दिलं 'वनजा, नंजनगूड'. हा नुसता प्रोग्रॅम आहे, हे अप्पांना सांगितलं नाही. वनजा गोड बोलायची, "छान चाल" म्हणायची, बेताबेताने हरायची. अप्पा पुन्हा हसायला लागले. ते हसू बघून शेषगिरीचं तोंड बंदच राहिलं.

आणि परवा अप्पा म्हणाले, "नंजनगूडला आपली माणसं मोजकीच. घर सापडलं कणो, पोरा. रविवारी जाऊन येऊ."

आता कुठल्या तरी भलत्याच बाईच्या दारात म्हातारा फुलं घेऊन उभा राहणार! बसमध्ये अप्पांनी मल्लिगेच्या फुलांची पुडी मांडीवर जपून धरली होती. त्यांचा उजळलेला चेहरा बघून शेषगिरीने खिडकीकडे तोंड फिरवलं. सांगावं तर त्यांचं मन मोडणार, न सांगावं तर चारचौघांत हसं होणार. तोवर नंजनगूड आलं.

दाराशी अप्पांनी कडीला हात घातला. शेषगिरीने तो धरला.

"अप्पा, थांबा. वनजा कुणी नाहीच. ती मीच लिहिलीये. कॉम्प्युटर खेळतो तुमच्याशी. चुकलं माझं."

अप्पांचा चेहरा जरासुद्धा उतरला नाही.

"ठाऊक आहे रे. इतके महिने खेळली, एकदाही भांडली नाही. चौका बारा खेळताना न भांडणारं माणूस असतं होय?"

"मग हे घर कुणाचं?"

अप्पांनी कडी वाजवली.

"नागरत्नाचं. तुझ्यासाठी पाहून ठेवलीये. मुलगी बघायला चल म्हटलं असतं, तर आला असतास?"