दोन दाढांची जागा

दाताच्या दवाखान्याच्या पायरीवरच सासूबाईंनी माझं मनगट आवळलं. "अगं, परत जाऊ या. दोन दाढा नसल्या म्हणून काय बिघडलंय? चावते की मी एका बाजूने!" इम्प्लांट म्हणजे हाडाला भोक पाडून त्यात स्क्रू पिळतात, हे शेजारणीने त्यांना साभिनय करून दाखवलं होतं. तेव्हापासून दोनदा ताप आणि एकदा पाहुणे, अशी कारणं काढून त्यांनी तारीख पुढे ढकलली होती. आज मात्र मी त्यांना खुर्चीत बसवलंच.

डॉक्टर एरवी भारी बडबडे. "काय आजी, आज पळून जायचा काय बेत?" असं काहीतरी म्हटल्याशिवाय ते हातमोजे चढवायचे नाहीत. आज ते पडद्यावर जबड्याचा स्कॅन लावून नुसतेच उभे राहिले. मग त्यांनी चढवलेले हातमोजे काढून ठेवले.

"आजी, स्क्रू आज नको. हाडात एक डाग दिसतोय. दातांचं नंतर बघू, आधी हे मोठ्या हॉस्पिटलात दाखवून घ्या." हे सगळं ते माझ्याकडे बघून बोलले.

मी सासूबाईंना उठवायला हात पुढे केला. त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"आजच बसवा हो डॉक्टर. मी नाही आता घाबरत."

आणि त्यांनी तोंड उघडलं. ते त्या काही केल्या मिटेनात.