उजेड आमचा

विज्ञान माणसाच्या आज्ञेत राहतं, अशी हेरंबरावांची श्रद्धा होती. पुतणीच्या साखरपुड्याला त्यांनी मोठा फ्लॅश कपाटावर ठेवला आणि कॅमेऱ्याचा इवलासा फ्लॅश उडवला. कपाटावरच्यानं लख्खकन ओ दिली.

"बघा वहिनी, वायर नाही, काही नाही! मी डोळा मारायचा, त्यानं पेटायचं. हॉलमध्ये फ्रेम लागेल ती माझ्याच फोटोची."

"डोळा मारायचं वय राहिलंय का भावजी?" वहिनी म्हणाल्या.

मुलाचे मामाही फोटो काढत होते. त्यांचा फ्लॅश उडाला की कपाटावरचा त्यांनाही इमानानं ओ देई, आणि हेरंबरावांची पाळी येईपर्यंत दमून बसे.

हॉलमध्ये मामांनी काढलेला फोटो लागला. "उजेड आमचा," हेरंबराव येणाऱ्याजाणाऱ्याला छाती फुगवून सांगतात.

त्यांच्या फोटोंत सगळे अंधारात आहेत.